सरळ गेलेली बाई

साहेब रंगाच्या कारखान्यातून सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झाले, तेव्हा कारखान्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि घराने धसका घेतला. हेल्मेट घाला, बूट घाला, जिन्यावरून पळू नका, असं बजावण्यात या माणसाची एकतीस वर्षं गेली होती. आता बजावायला समोर एकट्या काकू उरल्या.

काकू म्हणजे साहेबांची बायको. पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून त्या ब्लाउज शिवायच्या, पँट आखूड करून द्यायच्या, चेन बदलून द्यायच्या, म्हणून अख्खी वसाहत त्यांना काकू म्हणायची. निवृत्तीच्या तिसऱ्या दिवशी साहेबांनी मशीनभोवती जमिनीवर पिवळा पट्टा रंगवला. गिऱ्हाइकाने पट्ट्याच्या आत यायचं नाही. आठव्या दिवशी कात्रीला म्यान शिवायचा हुकूम सुटला. काकूंनी म्यान शिवलं, त्यात सुटी बटणं ठेवली आणि कात्री होती तिथेच राहू दिली.

म्हणूनच खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी साहेबांच्या डोक्यात सायकलचं खूळ भरवलं, तेव्हा काकूंना आधी हायसंच वाटलं. निदान सकाळचे दोन तास तरी माणूस घराबाहेर जाईल! पण डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. परदेशातल्या एका शहराचं त्यांनी ऐकलं होतं. सात दिवसांची सायकलची सहल, एकच हॉटेल, रोज सकाळी तळघरातून सायकली घ्यायच्या आणि वाटाड्याबरोबर हिंडायचं.

"तिथं सगळं शहरच सायकलवर असतं," डॉक्टर म्हणाले. "बाजार सायकलवर, शाळा सायकलवर, भांडणंसुद्धा सायकलवर. नुसती धमाल."

"धमाल ठीक आहे," साहेब म्हणाले. "अपघातांचं प्रमाण काय?"

ते काही डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. साहेबांनी फाइल उघडली. फाइल उघडली म्हणजे जायचं पक्कं, हे काकूंना अनुभवाने माहीत होतं. साहेब, काकू, डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई अशी चौघांची तुकडी ठरली. तुकडीप्रमुख कोण, हा प्रश्न कुणी विचारला नाही, त्यामुळे उत्तर साहेबांनीच देऊन टाकलं.

मग महिनाभर वसाहतीच्या मैदानावर साहेबांनी काकूंना सायकल शिकवली. काकूंना सायकल येत होती. लहानपणी भावाच्या उंच सायकलच्या नळीखालून पाय घालून त्या गावभर उंडारल्या होत्या आणि एकदा उतारावरून थेट तलावात गेल्या होत्या. ही गोष्ट लग्नानंतर त्यांनी साहेबांना दोनदा सांगितली होती. दोन्ही वेळा साहेब पेपर वाचत होते. तेव्हा आता तिसऱ्यांदा सांगण्यात अर्थ नव्हता. साहेब सीट धरून मागे धापा टाकत पळायचे, "घाबरू नकोस, मी धरलंय!" असं ओरडायचे आणि त्यांना पळता यावं म्हणून काकू सायकल हळू चालवायच्या. एवढ्या हळू चालवताना तोल सांभाळणं काय असतं, हे ज्याला सायकल येते त्यालाच कळेल.

निघायच्या आठवड्यात साहेबांनी डोळ्यांत खुपेल अशा पिवळ्या रंगाचं जाकीट आणलं. ते खांद्यांत दोन बोटं मोठं होतं. काकूंनी उसवून पुन्हा शिवलं.

"पाठीवर अक्षरं शिवून दे," साहेब म्हणाले. "इंग्रजीत, ठळक. सेफ्टी."

"अहो, तिथं आपल्याला कोण विचारतंय?"

"विचारत नाहीत म्हणूनच लिहायचं."

काकूंनी चंदेरी कापडाची अक्षरं कापून पाठीवर बसवली. काम इतकं सफाईदार झालं की जाकीट सरकारीच वाटायला लागलं. गळ्यात शिट्टी आली आणि साहेबांच्या चेहऱ्यावर पुन्हा नोकरी लागल्याचं तेज आलं.

ते शहर खरोखरच डॉक्टर म्हणाले होते तसं निघालं. हॉटेलची खोली एवढीशी होती की एकाने बूट घालायचे तर दुसऱ्याने पलंगावर चढायचं. पण खिडकी उघडली की खालून घंट्यांचा नुसता किणकिणाट वर यायचा. एक बाई पुढच्या लाकडी खोक्यात तीन पोरं आणि एक कुत्रा घालून चालली होती. एका माणसाने खांद्यावर शिडी घेतली होती आणि वळणावर आजूबाजूचे सगळे सवयीने माना खाली घालत होते. चौकात कुणी वाजवत होतं, कुणी नाचत होतं, फुलवाला गिऱ्हाइकाशी तावातावाने वाद घालत होता. काकू दहा मिनिटं खिडकीतून हलल्या नाहीत.

"पाहिलंस?" मागून साहेब म्हणाले. "एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. हे शहर टिकलंय कसं?"

वाटाडी म्हणून आलेली मुलगी ताडमाड उंच होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिचं नाव शिडी ठेवून टाकलं. ती मोडकं इंग्रजी बोलायची, हे चौघेही मोडकंच बोलायचे, त्यामुळे छान जमायचं. पहिल्या सकाळी ती म्हणाली, "माझ्यामागून या, मजा करा." साहेबांनी तिला थांबवलं आणि रांग लावली. पुढे शिडी, मग साहेब, मग डॉक्टर, मग डॉक्टरीणबाई, शेवटी काकू. दोन सायकलींत तीन मीटर अंतर. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे धोका.

पहिल्या तासात तीन शिट्ट्या चाळीस वेळा वाजल्या. कबुतर म्हणजे धोका, ओला दगड म्हणजे धोका, चुंबन घेत उभं असलेलं जोडपं म्हणजे तर मोठाच धोका, कारण तिथे डॉक्टरांचं लक्ष रस्त्यावरून उडालं. प्रत्येक शिट्टीला चौघं खाड्कन थांबायचे आणि मागून येणारं अर्धं शहर घंट्या बडवायचं. पुलाच्या चढावर एक ऐंशीची तरी म्हातारी, हँडलला भाजीच्या दोन पिशव्या लटकवून, शीळ घालत त्यांना मागे टाकून गेली. जाताना तिने साहेबांच्या पाठीवर सहानुभूतीने थोपटलं. साहेबांनी त्याची वहीत नोंद केली: चालत्या वाहनावरून शारीरिक संपर्क.

चार दिवस असेच गेले. पाहायच्या ठिकाणांना साहेबांनी वेळ वाटून दिली होती. जुनं सभागृह सहा मिनिटं, नदीकाठ नऊ, चित्रांचं दालन बाहेरून. थांबलं की आधी टायर तपासायचे, मग ब्रेक, मग सगळ्यांनी पाणी प्यायचं, आणि एवढं होईपर्यंत मिनिटं संपायची. डॉक्टर प्रत्येक गोष्टीला "बरोबर आहे साहेब" म्हणायचे. दात काढताना पेशंटशी बोलायचा तो समजुतीचा सूर त्यांना कायमचाच लागला होता. डॉक्टरीणबाई मागे वळून काकूंकडे पाहून डोळे फिरवायच्या.

काकूंनी मात्र आपली सोय करून घेतली होती. रांगेत शेवटची असण्याचा एक फायदा असतो, कुणाचं लक्ष नसतं. पुलावर त्या मुद्दाम मागे रेंगाळायच्या. बाकीचे तिघं ब्रेक दाबत, कुरकुरत खाली पोचले की त्या ब्रेकवरची बोटं उचलायच्या आणि सायकल सोडून द्यायच्या. वारा कानांत शिरायचा, कुर्त्याचा फुगा व्हायचा, लहानपणचा तलावाचा उतार आठवायचा. खाली पोचल्यावर पुन्हा तीन मीटर अंतर ठेवून सोज्वळ चेहरा. हे फक्त शिडीने पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी ती मुद्दाम काकूंच्या बाजूला आली आणि ट्रामच्या रुळांवरून सायकल कशी काढायची ते तिने हातवारे करून दाखवलं. रुळाला तिरकं जायचं नाही, आडवं कापायचं, आणि मध्येच घाबरून थांबायचं नाही. काकूंनी दोनदा करून दाखवलं. शिडीने टाळी दिली.

पाचव्या दिवशी रविवार होता आणि शहराने मोटारी बंद ठेवून रस्ते सायकलींना मोकळे केले होते. कुणीही यावं, छातीवर आकडा लावावा आणि शहरभर पंधरा किलोमीटर फिरून नदीकाठच्या मैदानात पोचावं. शर्यत नव्हती, नुसती फेरी. हजारो लोक येणार होते. "आपण जाऊ या," शिडी म्हणाली.

"आपल्या वेळापत्रकात नाही," साहेब म्हणाले.

"मी जाणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आजवर त्या कुणाच्या परवानगीशिवाय एवढं मोठ्याने बोलल्या नव्हत्या, त्यामुळे डॉक्टर दचकून "बरोबर आहे" म्हणून गेले. साहेबांचा नाइलाज झाला.

सुरुवातीच्या ठिकाणी सगळ्यांना एकसारखे केशरी सदरे मिळाले. काकूंनी कुर्त्यावर सदरा चढवला, हेल्मेट घातलं, आणि शिडीने स्वतःचा काळा गॉगल त्यांच्या नाकावर बसवला. साहेबांनी सदरा नाकारला. त्यांचं जाकीट त्यांना पुरेसं होतं. शिट्टी वाजून माणसं सुटली तेव्हा साहेब खाली बसून डॉक्टरांच्या मागच्या चाकाची हवा बोटाने दाबून पाहत होते. लोंढा आला. शिडी पुढे वाहून गेली, डॉक्टरीणबाई हसत हसत दुसरीकडे गेल्या, काकू तिसरीकडे. साहेबांच्या तीन शिट्ट्या मागे कुठेतरी बुडाल्या.

पुढे साहेबांचं काय झालं ते काकूंना नंतर डॉक्टरांकडून कळलं. तुकडी विस्कटलेली पाहून साहेब भडकले. लोंढ्याला वळसा घालून पुढच्या एका चौकात सगळ्यांना गाठायचं, असं ठरवून ते आडव्या गल्लीने निघाले आणि चौकात येऊन उभे राहिले. तिथे झेंडा घेऊन रस्ता दाखवणारी एक स्वयंसेविका सकाळपासून एकटी ताटकळत होती. तिने पिवळं जाकीट पाहिलं, पाठीवरची चंदेरी अक्षरं वाचली, देव भेटल्यासारखी हसली, साहेबांच्या हातात झेंडा दिला आणि स्वच्छतागृहाकडे पळाली.

साहेबांनी झेंडा घेतला. कुणीतरी आपल्याला काम दिलं, तेही परदेशात, तेही न मागता! साहेब चौकाच्या मध्यभागी गेले. त्यांनी आधी परिस्थितीची पाहणी केली. रस्त्यावर रंगवलेले बाण सरळ जात होते. सरळ रस्त्यावर ट्रामचे रूळ होते, पुढे उतार होता, उताराला वळण होतं. डावीकडचा रस्ता मात्र रुंद, सपाट आणि कोरा करकरीत स्वच्छ. ज्याने कुणी हे बाण रंगवले त्याला सुरक्षेचा गंध नव्हता, हे उघड होतं. साहेबांनी छाती भरून श्वास घेतला, शिट्टी फुंकली आणि अख्खी फेरी डावीकडे वळवली.

माणसं वळली. हीच त्यातली खरी गंमत. जाकीट, झेंडा, शिट्टी आणि आवाजात शंकेचा लवलेश नाही. माणूस आणखी काय बघतो? शंभर वळले, दोनशे वळले. डॉक्टरही आले आणि "बरोबर आहे साहेब" म्हणत वळले.

काकू त्या चौकात पोचल्या तेव्हा त्यांचा हात चांगलाच बसला होता. दूरवरूनच त्यांना पिवळं जाकीट दिसलं आणि क्षणभर वाटलं, असेल इथलाच कुणी. मग खांद्यावरची शिवण ओळखू आली. साहेब हात पसरून उभे होते, चेहरा लाल, गाल फुगलेले, आणि इतके सुखी की काकूंनी त्यांना असं मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"लेफ्ट! लेफ्ट, मॅडम! कीप लेफ्ट!" साहेब त्यांच्याकडे बघून ओरडले.

त्यांनी काकूंना ओळखलं नव्हतं. गॉगल होता, हेल्मेट होतं, हे खरं. पण जी बाई कायम आपल्या मागे असते, ती समोरून आली तर माणसाने ओळखायची तरी कशी?

काकूंचं हँडल आपसूक डावीकडे वळायला लागलं. हात मेंदूला विचारत नव्हते, त्यांना चौतीस वर्षांच्या संसाराची सवय होती. मग काकूंनी खाली पाहिलं. चाकाखाली पिवळा बाण सरळ जात होता. सकाळी शिडी बजावून म्हणाली होती, फक्त बाणांमागून या. काकूंनी हँडल सरळ केलं.

"मॅडम! नो! डेंजर! ओ बाई!" साहेबांना इंग्रजी अपुरं पडलं.

तीन शिट्ट्या. काकूंना हसू फुटलं. रूळ आले, त्यांनी आडवे कापले, मध्ये थांबल्या नाहीत. पुढे उतार होता. त्यांनी ब्रेकवरची बोटं उचलली. मागे कुणीतरी आनंदाने आरोळी ठोकली, म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर तीसेक माणसं त्यांच्यामागून रूळ कापत येत होती. कुणी पडलं नाही. पडण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

डावीकडचा तो स्वच्छ रस्ता एका मोठ्या इस्पितळाच्या धोबीखान्यात जात होता. तिथे चादरींच्या रांगा वाळत होत्या आणि पलीकडे कुलूप लावलेलं फाटक होतं. साडेतीनशे सायकली त्या अंगणात एकमेकींत अडकल्या. पुढच्यांना मागे फिरता येईना, मागचे येतच होते. वरच्या गॅलऱ्यांत परिचारिका फोटो काढत होत्या, हातपाय प्लॅस्टरमध्ये असलेले रोगी टाळ्या पिटत होते. डॉक्टरांच्या तोंडावर ओली चादर पडली आणि त्यांना तिच्याबाहेर यायला पाच मिनिटं लागली. विशेष म्हणजे कुणी चिडलं नाही. लोकांना ती खास ठेवलेली गंमतच वाटली. साहेबांना नेमकं तेच सोसलं नाही. लोक चिडले असते तर त्यांना उत्तर देता आलं असतं.

आयोजकांपैकी एक गृहस्थ पळत चौकात आले. त्यांनी साहेबांचे आभार मानले, झेंडा अलगद काढून घेतला आणि जाकीट आत-बाहेर उलटं करून घालता येईल का, असं अतिशय नम्रपणे विचारलं.

काकू तेव्हा नदीकाठच्या मैदानात गवतावर पाय पसरून बसल्या होत्या. हातात लिंबाच्या सरबताचा ग्लास होता आणि त्यांच्यामागून आलेल्या तीस जणांपैकी एक मिशाळ सुतार त्यांना नाचायला बोलावत होता. काकू उठल्या. नाच त्यांना येत नव्हता. सुतारालाही येत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो कुणालाही दाखवणार नाही अशी शपथ घेतली.

संध्याकाळी खोलीत साहेब पलंगावर बसून अहवाल लिहीत होते. त्या शहराच्या नगरपालिकेला तो पाठवायचा होता. जाकीट खुर्चीवर उलटंच पडलं होतं.

"सगळं सुरळीत चाललं होतं," साहेब म्हणाले. "एका बाईने घोळ केला."

काकू केस विंचरत होत्या. "कोण बाई?"

"होती एक. बेशिस्त. मी ओरडतोय, शिट्टी मारतोय, आणि ही सरळ रुळांवर घुसली. वर हसतेय! तिचं बघून तीस जण गेले मागोमाग. मग त्या लोकांना वाटलं, सरळच बरोबर असेल, आणि माझ्या हातातला झेंडा गेला."

काकूंनी फणी खाली ठेवली. "अहो, ती मी होते."

साहेबांनी मान वर केली, चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि कित्येक दिवसांनी मनापासून हसले.

"थट्टा पुरे. तुला कुठं रूळ ओलांडता येतात?"

"ओलांडले ना."

"अगं, ती बाई वाऱ्यासारखी गेली. तुझी सायकल मी शिकवलीय, मला माहीत नाही का?"

काकूंनी फणी पुन्हा उचलली. साहेब पुन्हा लिहायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी वाक्य वाचून दाखवलं, "एक अनोळखी महिला, वय अंदाजे पस्तीस, हिच्या बेजबाबदार वर्तनामुळे..."

"पस्तीस?" काकूंनी विचारलं.

"छत्तीस असेल फार तर."

"नको, पस्तीसच राहू द्या," काकू म्हणाल्या आणि दिवा साहेबांच्या बाजूला सरकवला, त्यांना नीट दिसावं म्हणून.

उरलेले दोन दिवस साहेब खोलीतच होते. अहवाल सतरा मुद्द्यांचा होता, त्याला चौकाचा नकाशा जोडायचा होता. डॉक्टर त्यांना सोबत म्हणून थांबले, कारण ओल्या चादरीने त्यांना सर्दी झाली होती. शिडी, काकू आणि डॉक्टरीणबाई रांग न लावता हिंडल्या. कधी तिघी एका ओळीत आडव्या, गप्पा मारत; मागून घंटी वाजली की बाजूला व्हायचं, एवढाच नियम. जुन्या कापडांच्या बाजारात काकूंनी दीड तास काढला. तिथल्या म्हाताऱ्या शिंप्याला त्यांनी खुणांनीच काखेतला चुण्यांचा एक जोड शिकवला, त्याने त्यांना खिशाचा एक वेगळाच काप दाखवला. चित्रांच्या दालनात त्या आतून जाऊन आल्या. एका दुपारी शिडीचीच वाट चुकली, तिघी शहराच्या टोकाला, गोदामांच्या वस्तीत पोचल्या आणि वाट चुकलीय हे कळल्यावरही अर्धा तास पुढेच जात राहिल्या.

घरी परतल्यावर महिन्याभराने वसाहतीच्या सभागृहात साहेबांचं भाषण झालं. विषय होता, 'परदेशी सायकल महोत्सवाचं सुरक्षा नियोजन: एक अनुभव'. पडद्यावर फोटो दाखवले. झेंडा हातात घेतलेला फोटो बराच वेळ ठेवला होता. तो डॉक्टरांनी वळण्याआधी काढला होता, म्हणून त्यात फक्त साहेब, झेंडा आणि आज्ञाधारक गर्दी दिसत होती. धोबीखान्याचा उल्लेख 'पर्यायी मार्ग' असा आला. त्या बेजबाबदार बाईवर साहेब सात मिनिटं बोलले. लोकांनी च्यक् च्यक् केलं. डॉक्टरीणबाईंना एवढा खोकला आला की त्यांना बाहेर जावं लागलं.

शेवटी कुणीतरी विचारलं, "काकू, तुम्हाला कसं वाटलं ते शहर?"

"तिला आवडलं," साहेब व्यासपीठावरूनच म्हणाले. "रुळांची तेवढी भीती वाटायची तिला. मी होतो म्हणून निभावलं."

टाळ्या झाल्या. काकूंनीही वाजवल्या. मग त्या उठल्या, पदर सावरावा तसा खांद्यावरचा दुपट्टा नीट केला आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आम्ही दोघी पुन्हा जातोय, मी आणि डॉक्टरीणबाई. तिकिटं काढून झाली. आणखी कुणा बायकांना यायचं असेल तर उद्या दुपारी घरी या."

साहेबांनी माईक पुन्हा तोंडाशी धरला. "दोघीच? अगं, पण पुढे कोण राहणार?"

"ते तिथं गेल्यावर बघू," काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नऊ बायका आल्या. पुढच्या खोलीत बसायला जागा पुरेना, तेव्हा त्या पिवळ्या पट्ट्याच्या आत, थेट मशीनला टेकून बसल्या. साहेब दोनदा दारापर्यंत आले आणि दोन्ही वेळा पाण्याचा ग्लास घेऊन परत गेले.